भुरीचं पेंढ्याचं रेडकू

मी रेडकू बोलतोय. निदान बाहेरून तरी रेडकूच. कातडं अस्सल आहे, कान अस्सल आहेत, कपाळावरचा पांढरा टिळाही आईच्या पोटातून आणलेला आहे. आत मात्र गव्हाचं काड भरलंय. माणसं चिडली की एकमेकांना विचारतात, ‘डोक्यात भुसा भरलाय का?’ मला त्याचा राग येत नाही. माझ्या बाबतीत ते नुसतं वर्णन आहे.

सिरसाळ्याच्या पुढं माळावर हरिबाची वस्ती आहे. भुरी ही त्याची म्हैस. तिला रेडकू झालं आणि थोड्याच दिवसांत हगवणीनं गेलं. भुरी रेकत राहिली. कास भरलेली, पण धार काढायला बसलं की दूध चोरायची, पान्हाच सोडायची नाही. हरिबाच्या बायकोनं, रतनबाईनं, सरकी पेंड दिली, गूळ दिला, पाठीवरून हात फिरवला. कशाचा उपयोग झाला नाही.

“रेडकूच करावं लागंल,” हरिबा म्हणाला.

मग मेलेल्या रेडकाचं कातडं मीठ लावून सावलीत वाळवलं, त्यात काड ठासून भरलं, पायांत काठ्या घातल्या आणि सुतळीनं सगळं शिवून टाकलं. तोंडही शिवलं, नाहीतर काड बाहेर येतं. असा माझा जन्म झाला. डोळ्यांच्या जागी दोन टाके आहेत. तरी मला दिसतं कसं, हे विचारू नका. मलाही ठाऊक नाही.

पहिल्या दिवशी रतनबाईनं माझ्या पाठीला मिठाचं पाणी चोळलं आणि मला भुरीच्या पुढ्यात उभं केलं. भुरीनं मला हुंगलं. मागं सरली. परत हुंगलं. मग चाटायला लागली आणि पान्हा सुटला. रतनबाईनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच चरवी घेऊन खाली बसली. माणसांना रडणं आणि काम दोन्ही एकदम जमतं.

“फसली बग,” हरिबा हसला.

“फसली कशाची? तिला समदं ठावं हाय,” रतनबाई म्हणाली.

कोण बरोबर होतं, ते मी सांगू शकत नाही. ती मला चाटत होती की मिठाला, हेही नाही. मी फक्त उभा होतो.

गोठ्याला लागून एक खोली आहे. तिथं त्यांची मुलगी अंजू काम करते. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती कॉम्प्युटरवरचे गेम बनवते. हरिबा पाहुण्यांना सांगतो, ‘पोरगी कंपनीत हाय,’ आणि विषय बदलतो, कारण त्यापुढचं त्याला सांगता येत नाही. दार उघडं असलं की मला तिचा पडदा दिसतो.

तेव्हा ती एक भीतीचा गेम बनवत होती. त्यात भूत नव्हतं. दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावर, जमिनीच्या पोटात खाण. तिथं एक पोरगी अपघातात मरते. खाणीचे मालक तिच्या सगळ्या आठवणी काढून एका लोखंडी देहात भरतात. गेम खेळणारा त्या देहातच असतो, पण त्याला ते माहीत नसतं. आपण तीच पोरगी आहोत असं समजून तो अंधारातून वाट काढतो, दारं उघडतो, घाबरतो. मग एका डबक्यात त्याला स्वतःचे हात दिसतात. लोखंडाचे. शेवटी तो देह घरी पोचतो आणि आईचं दार वाजवतो.

पाहताना मला ओळखीचं वाटलं. कातडं एकाचं, आत भरलंय दुसरंच. फरक एवढाच की मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्या खाणीत सारखा एक घोगरा आवाज घुमत असतो. तो भुरीचा. तिचं रेकणं अंजूनं मोबाईलवर टिपून घेतलं आणि हळू करून गेममध्ये घातलं. पुण्याची मंडळी त्या आवाजाला घाबरली म्हणे. भुरीला त्याचं कौतुक नव्हतं.

अडलं होतं ते शेवटाशी. फोनवरचा साहेब म्हणायचा, “आईनं किंचाळायचं, दार लावून घ्यायचं, संपलं. सोमवारपर्यंत दे, नाहीतर आम्ही आमचा शेवट घालतो.” अंजू म्हणायची, “सर, ते खोटं वाटतं.” मग खरं काय, हे मात्र तिला सांगता यायचं नाही.

ते का, हे मला त्या घरातल्या बोलण्यातून कळलं. या अंजूच्या आधी रतनबाईला एक मुलगी झाली होती. तिचंही नाव अंजूच. ती तान्हीच गेली. वर्षानं ही झाली, तर तिला तेच नाव ठेवलं, पायांत तेच वाळे घातले. घरात कुणी ते लपवलं नव्हतं. चहा पिता पिता ‘थोरली’चा विषय निघायचा आणि संपायचा. अंजूच्या मनातून मात्र तो संपला नव्हता. आपण आईची मुलगी, की त्या मुलीच्या जागी उभं केलेलं कुणी? हा प्रश्न तिनं आईला कधी विचारला नव्हता. त्याचा गेम केला होता.

एका दुपारी तिनं रतनबाईला पडद्यापुढं बसवलं. शेणाचा हात धुऊन रतनबाईनं माऊस धरला. लोखंडी पोरगी अडखळत आईच्या दारापर्यंत गेली. पडद्यावर दोन उत्तरं आली : ‘मी तुझी मुलगी आहे’ आणि ‘मी तुझी मुलगी नाही’.

रतनबाईनं कुठलंच दाबलं नाही. तिनं पडद्याकडं पाहिलं, दारातून माझ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं.

“तुला काय इचारायचं ते सरळ इचार की, बाई. ही मशीन कावून मधी घालतीस?”

अंजूनं विचारून टाकलं. “माय, तुझा पान्हा कुणासाठी आलता? माझ्यासाठी का तिच्यासाठी?”

रतनबाई उठून गोठ्यात आली. माझ्या कुशीतून बाहेर आलेलं काड तिनं बोटानं आत ढकललं.

“तिच्यासाठी,” ती म्हणाली.

दारात उभ्या अंजूचं तोंड एवढंसं झालं. माझ्या आत काडच आहे, तरी मला तिची दया आली.

“खोटं कावून बोलू?” रतनबाई म्हणाली. “तू झालीस तवा मला तू नगंच वाटायचीस. पदराखाली घेतलं तरी दूध उतरंना. मग तुजा बा म्हनला, थोरलीचंच नाव घे. ‘अंजे’ म्हनले, आन आलं. तू प्यायचीस, मी डोळे झाकून बसायचे.”

“मग?”

“मग तुला दात आले. एक दिस असली कडकडून चावलीस की मी वरडले. एक रपाटा दिला, शिवी हासडली. थोरलीला कुटं दात आलते? ती कवाच चावली न्हवती. डोळे उगडून बगितलं, तर ही दुसरीच! गाल फुगवून माज्यावरच लई राग धरून बसलेली. त्या दिसापून मी तुजी हाय.”

अंजू हसली आणि मग माझ्या पाठीवर डोकं टेकून रडली. तिला काय, तेवढंच टेकायला जवळ होतं. माझ्या पाठीवर तेव्हाही मीठ होतं.

सोमवारी तिनं शेवट पाठवला. त्यात आई दार उघडते, मेलेल्या मुलीच्या नावानं हाक मारते आणि ताट वाढते. लोखंडी हातातून ताट निसटतं, फुटतं. आई ओरडते, “नीट धर की गं!” आणि पडदा काळा होतो. साहेबानं विचारलं, “यात भीती कुठंय?” पुढं काय ठरलं ते मला कळलं नाही. अंजू अजून कामावर आहे, एवढं दिसतं.

आता मी गोठ्याच्या आढ्याला टांगलेला आहे. उंदरांनी एक पाय रिकामा केलाय, चिमण्या घरट्यासाठी काड ओढून नेतात. नेऊ देत बापड्या. माझं मागणं एकच आहे. मला पुन्हा कुठल्या म्हशीपुढं उभं करू नका. माझं काम झालंय. कातडं पुरून टाका, ते ज्याचं होतं त्याला मिळू द्या.

भुरी परत व्यायली. यंदा वगार झाली, म्हणजे मादी रेडकू, चांगली धडधाकट. काल ती पिता पिता सडाला चावली. भुरीनं सणसणीत लाथ झाडली. वगार कोलमडली, उठली आणि परत कासेला लागली. रतनबाई खो खो हसली. अंजूनं मात्र मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

भुरीनं मला महिनोन्‌महिने चाटलं. लाथ मात्र एकदाही मारली नाही.