पट्टेरी रोपाचं ऑपरेशन

शिलाईच्या दुकानात वहिनीला एका गिऱ्हाइकाने सक्युलंटचं रोप दिलं. जाडजूड पानांचं, उमललेल्या फुलासारखं, हिरव्यावर सायीच्या रंगाचे पट्टे. तेव्हापासून तिचं मशीनवर लक्ष म्हणून नव्हतं. एका पँटचा एकच पाय आखूड करून तिने घडी घालून दिली. गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं, "दुसरा कधी करताय?"

पाणी द्यायचं ते माती पार सुकल्यावरच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाला सांगायचं राहून गेलं. सकाळी नवरा गुपचूप पाणी घालायचा. दुपारी शेजारच्या पार्लरमधून धाकटी नणंद, बेबी, येऊन घालायची. आपल्याइतकी काळजी कुणालाच नाही, असं दोघांनाही वाटायचं.

एका सोमवारी खालची पानं काचेसारखी झाली आणि हात लावताच गळली. बुंधा काळा पडला होता. वहिनी कुंडी घेऊन तडक पार्लरमध्ये शिरली.

"बेबी, वस्तरा दे. आणि स्पिरिट."

"दादाने काय केलं आता?"

"तुम्ही दोघांनी मिळून केलंय."

डोक्याला रंग लावून बसलेल्या बाईंच्या हातात कुंडी दिली गेली. वहिनीने स्पिरिटने पुसलेल्या वस्तऱ्याने खोडाचा काळा भाग कापला. आत अजून काळं. पुन्हा कापला. तिसऱ्या कापाला आत स्वच्छ, पांढरट दिसलं तेव्हा तिघींनी एकदम श्वास सोडला आणि हसतच सुटल्या. रंगाची वेळ केव्हाच टळून गेली होती. बाईंचे केस कोळशासारखे झाले. आरशात बघून त्या खूश झाल्या.

कापून उरलेलं रोपाचं मुंडकं आठवडाभर रिळांच्या डब्यावर कोरडं ठेवलं, मग रेताड मातीवर टेकवलं. तिसऱ्या आठवड्यात गुलाबी मुळं फुटली, आणि दोन महिन्यांनी बुडाशी तीन पिल्लं: एक अख्खं हिरवं, एक अख्खं पांढरं, एक पट्टेरी.

"पांढरं मला," बेबी म्हणाली.

"त्यात हिरवा रंगच नाही. एकटं जगायचं नाही ते. आईजवळच राहू दे."

"मग पट्टेरी?"

वहिनीने तिन्ही पिल्लांकडे पाहिलं, मग नणंदेकडे. "पाणी मला विचारून," ती म्हणाली, आणि कात्री उचलली. बेबीने दोन्ही तळहात पुढे केले. हसू आवरत वहिनीने पट्टेरी पिल्लू कापून त्यांवर ठेवलं.