उजवा कान

“कानात सांगितलंस ना रे?” दारात चपला काढता काढताच थ्रेस्यानं विचारलं. थोरली बहीण बंगळूरहून रात्रभर बसचा प्रवास करून आली होती, पण आईच्या शवपेटीपाशी जायच्या आधी तिला हे हवं होतं.

“सांगितलं, चेची,” कुरुविळा म्हणाला.

“तिन्ही नावं?”

“तिन्ही.”

थ्रेस्याचे डोळे भरून आले. “मग सुटली रे माझी अम्मच्ची. जाताना कानावर येशू-मरिया-योसेफ पडलं, आणखी काय हवं?”

कुरुविळानं काळ्या कॉफीचा पेला तिच्या हातात दिला आणि मान फिरवली. त्यानं काही सांगितलं नव्हतं.

वीजमंडळात मीटर तपासण्यात त्याचा जन्म गेला. देव त्याला केव्हाच पटेनासा झाला होता. दर रविवारी चर्चला जायचा, पण बाहेर पायऱ्यांवर, रबराच्या भावाच्या गप्पा मारणाऱ्या पुरुषांत उभा राहायचा. घरात तेवढं चालून जायचं.

काल दुपारी आईचा श्वास अडकू लागला. घरात दोघंच. तिचा डावा कान कित्येक वर्षं ठार बहिरा, उजव्यात ओरडलं तरच ऐकू यायचं. तिनं कष्टानं मान वळवून उजवा कान वर केला. कानाच्या वरच्या पाळीतली जुनी सोन्याची कडी हलली.

“म्हण.”

“अम्मच्ची, डॉक्टर निघालेत.”

“तुझा विश्वास नाही ते ठाऊक आहे मला, मेल्या. विश्वास माझा आहे. तू नुसता आवाज दे.”

त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलू नये असं तेव्हा त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचा थोडा अभिमानही वाटला. त्यानं तिच्या ओठांवर पाणी सोडलं. कान तसाच वर ठेवून ती गेली.

तेव्हापासून मात्र दारात येणाऱ्या प्रत्येकाशी तो न अडखळता खोटं बोलत होता. शेजारची एलिकुट्टी तर म्हणाली, “माझ्या वेळेलाही तूच ये हो बाबा.” त्यानं मान डोलावली. आईसाठी जे जिभेवर आलं नाही ते अब्रूसाठी बिनदिक्कत येत होतं. त्याला स्वतःची किळस आली.

प्रार्थना संपली. शेवटचा मुका घ्यायला माणसं रांगेनं पेटीशी वाकू लागली. आपली पाळी आली की हळूच नावं उच्चारून टाकायची, कुणाला कळायचं नाही, असा त्याचा बेत होता. तो वाकला, तर समोर डावा कान.

मग लोकांना बाजूला सारत पेटीच्या पलीकडे गेला, उजव्या कानाशी वाकला आणि तिच्याशी बोलताना रोज लागायचा त्या आवाजात ओरडला, “येशू! मरिया! योसेफ!”

विश्वास तेव्हाही नव्हता. थ्रेस्या त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला कळलं.

पेटी बंद करायच्या आधी तोंडावरचं पांढरं कापड मुलामुलींनी दोन्हीकडून धरून पांघरायचं असतं. कुरुविळानं हात पुढे केला. थ्रेस्यानं दोन्ही टोकं स्वतःच धरली.