डिस्टिल्ड वॉटरचा चहा

केमिस्ट्री शिकून मुलगी पुढे करणार काय, हा प्रश्न कारासू गावात बोतागोजच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून चघळला जात होता. डॉक्टरकी शिकणारी डॉक्टर होते, कायदा शिकणारी वकील होते. केमिस्ट्री शिकणारीचं काय होतं, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. तिच्या वडिलांना वाटे, औषधांचं दुकान निघत असेल. आई, जौरे, म्हणे की शाळेत शिक्षिका होईल, सुट्ट्या तरी बऱ्या मिळतील. शेजारीण कुलपाशची खात्री होती की पोरगी सरकारसाठी काहीतरी गुप्त बनवते आहे, आणि हे तिनं निम्म्या गावाला गुप्तपणे सांगितलंही होतं.

मी शिमकेंतच्या विद्यापीठात बोतागोजच्या वर्गाची प्रॅक्टिकल्स घेत असे. हा प्रश्न मलाही दरवर्षी कुणाचे ना कुणाचे आईवडील विचारतात. मी सांगते, माझा एक विद्यार्थी पोलिसांच्या प्रयोगशाळेत डाग तपासतो, एक रंगाच्या कारखान्यात आहे, एकीनं सांडणीच्या दुधाचा साबण विकायला काढलाय, आणि एक जण लग्नांत गातो, पण टायट्रेशनला त्याचाही हात चांगला होता.

बोतागोजला मात्र शहराबाहेरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेतच जायचं होतं. शेवटच्या वर्षी ती तिथे महिनाभर शिकायला गेली आणि तिथलीच होऊन परत आली. बाहेर एवढी यंत्रं गरजत असतात आणि आत सगळे एक थेंब पडायची वाट बघत उभे असतात, ते तिला फार आवडलं होतं.

तिथूनच तिनं घरी एक फोटो पाठवला. अंगात पांढरा कोट, डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट, शेजारी प्रयोगशाळेचे प्रमुख तोलेगेन आगा. फोटो आला तेव्हा जौरे गोठ्यात होती आणि फोन स्वयंपाकघरात, कुलपाशच्या समोर. कुलपाशनं फोटो पाहिला, त्याचा अर्थ स्वतःच लावला आणि गोठ्याच्या दारात जाऊन म्हणाली, "सुयुंशी!"

चांगली बातमी आणणारा आमच्याकडे हा शब्द उच्चारतो. त्यावर बातमी काय आहे हे विचारायच्या आधीच "हवं ते घे" म्हणायचं असतं. जौरे तसं म्हणाली. कुलपाशनं बातमी सांगितली, बोतागोजला तेलाच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि पेटीतली नवी फुलांची शाल घेऊन ती घरी गेली. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. वडिलांनी मेंढा कापायचं कबूल केलं आणि शनिवारचं जेवण ठरलं.

त्या आठवड्यात बोतागोज माझ्याकडे आली. मी काचेची भांडी मोजून कपाटात लावत होते.

"आपाय, शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचं. माझ्या नोकरीचं जेवण आहे." आमच्याकडे शिक्षिकेला, मोठ्या बाईला आपाय म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला आगा.

"वा. कुठे लागलीस?"

"कुठेच नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, आईला खरं काय ते सांगून टाक. त्यावर ती म्हणाली की सांगितलं असतं, पण शाल गेली. कुलपाश ती घालून दुकानात जाते, बसथांब्यावर उभी राहते. आता खरं सांगायचं म्हणजे आईनं ती परत मागायची, आणि दिलेली सुयुंशी कुणी कधी परत मागितली आहे का? एकच वाट होती. कारखान्यात खरोखरच एक जागा निघाली होती. शुक्रवारी परीक्षा होती आणि तिघांना बोलावलं होतं, त्यात ही एक.

"म्हणजे तुला एका दिवसात बातमी खरी करायची आहे," मी म्हटलं.

"तुम्ही हसताय."

मी हसत नव्हते. थोडीशी हसत होते.

परीक्षेत मी नव्हते. पण तिथे काय झालं ते मला बोतागोजनं सांगितलं आणि तोलेगेननंही, वेगवेगळ्या वेळी, आणि दोन्ही हकिकती जुळल्या. तोलेगेन माझा वर्गबंधू. मनानं उदार आणि हातानं वेंधळा. सकाळी तिन्ही उमेदवार पोचले तेव्हा त्यानं आधी त्यांना चहाला बसवलं. दारी आलेल्याला चहा न पाजता कामाला लावायचं, हे त्याच्या घरात कुणी केलं नसेल. शिमकेंतच्या नळाचं पाणी क्षारांनी जड. त्यात दुधाचा चहा मळकट होतो आणि वर साय नव्हे, पापुद्रा धरतो. म्हणून पाहुण्यांसाठी त्यानं प्रयोगशाळेतलं सगळ्यात चांगलं पाणी वापरलं, म्हणजे मोठ्या बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर. चहा सुरेख झाला. सगळ्यांनी पुन्हा मागून घेतला. बाटली तळाला आली तेव्हा, रिकामी दिसू नये म्हणून, बोलण्याच्या नादात त्यानं ती नळाखाली धरून भरली आणि जागेवर ठेवली.

मग परीक्षा. तिघांना एकेक लहान बाटली दिली. बाष्पकासाठी, म्हणजे बॉयलरसाठी, लागणाऱ्या पाण्याचा तो नमुना होता. डिस्टिल्ड वॉटर घालून तो वाढवायचा आणि त्यात क्षार किती ते काढायचं. क्षार असले की औषधाच्या थेंबानं पाणी द्राक्षासवासारखं लाल होतं, आणि ब्युरेटमधून दुसरं द्रावण थेंब थेंब सोडत गेलं की एका क्षणी निळं होतं. दोघे उमेदवार लगेच कामाला लागले. बोतागोजनं आधी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेतलं आणि त्यात औषधाचा थेंब टाकला. याला आम्ही ब्लँक म्हणतो. शुद्ध पाणी असेल तर ते लगेच निळं दिसायला हवं. ते लालभडक झालं.

तिनं फ्लास्क बाजूला ठेवला. वजाबाकी करून बरोबर उत्तर काढता आलं असतं. बाटलीतलं पाणी काय आहे हे तिला कळलंच होतं. गप्प बसून तेवढंच केलं असतं तरी ती पुढे गेली असती. पण त्याच बाटलीतल्या पाण्यानं दुपारी खऱ्या बाष्पकाचं पाणी तपासलं जाणार होतं. आणि बोलायचं म्हणजे, वयानं मोठ्या माणसाला, ज्याच्या हातचा चहा नुकताच प्यायलो आणि ज्याच्या हातात आपली नोकरी आहे, त्याला इतरांदेखत सांगायचं की तुमच्या घरचं पाणी वाईट आहे.

तिनं हात पुसले आणि त्याच्या टेबलाशी गेली.

"आगा, मघाचा चहा फार छान झाला होता. अजून एक कप मिळेल?"

तोलेगेन खूश झाला. परीक्षेत चहा मागणारी मुलगी त्यानं आजवर पाहिली नव्हती. त्यानं त्याच बाटलीतलं पाणी उकळलं, दूध घातलं, कप भरला. चहा मळकट दिसत होता. बघता बघता वर पापुद्रा धरला. तोलेगेननं कपाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं. मग बोतागोजच्या मेजावरच्या लाल फ्लास्ककडे पाहिलं.

"तू हा पिणार आहेस का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही दिलात तर पिईन, आगा."

त्यानं कप सिंकमध्ये ओतला, बाटली रिकामी केली आणि परीक्षा पहिल्यापासून घेतली. निकाल सोमवारी, असं सांगून तिघांना घरी पाठवलं.

शनिवारी मी कारासूला निघाले तेव्हा बसमध्ये तोलेगेनचा फोन आला. मुलगी कशी आहे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, ब्लँक आधी करते.

"ते कळलं मला. परीक्षा ताज्या पाण्यानं दुसऱ्यांदा घेतली तरी तिनं पुन्हा ब्लँक केलं. माझ्यावरचा विश्वासच उडाला बहुतेक." मग म्हणाला, "सोमवारी कामावर ये म्हणावं. बातमी तूच सांग तिला, सुयुंशीही तूच घे. आणि चहाचं पाणी वेगळं ठेवायची जबाबदारीही तिचीच."

घर माणसांनी भरलं होतं. जौरेनं मला मानाच्या जागी बसवलं, पुढ्यात बाऊरसाकांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, ढीग ठेवला. समोर कुलपाश, शालीसकट. बोतागोज चहा ओतत होती आणि तिचा चेहरा सांगत होता की तिनं अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. जेवणानंतर सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. लोक उपाशीपोटी परत जायला नकोत म्हणून.

मोठ्यानं बोलले असते तर आधीची बातमी खोटी ठरली असती. ती माझ्या हातात चहाची वाटी द्यायला वाकली तेव्हा मी हळूच म्हटलं, "सुयुंशी."

तिनं किटली सावरली. मग तितक्याच हळू म्हणाली, "हवं ते घ्या, आपाय."

"सोमवारी रुजू हो."

"काय कुजबुज चाललीय तिकडे?" कुलपाशनं विचारलं. "काही नवीन?"

"नाही, कुलपाश आपाय," बोतागोज म्हणाली. "जुनंच." आणि कुलपाशची वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याला इतका चहा देत नाहीत. काठोकाठ भरली म्हणजे प्या आणि निघा. कुलपाशला ते कळलं, पण शाल अंगावर होती म्हणून तिनं वाटी उचलून चहा पिऊन टाकला.

मटण पानात येता येता एका काकांनी विचारलं, कारखान्यात नेमकं काम काय? बोतागोज म्हणाली, पाणी तपासायचं.

"पेट्रोलच्या कारखान्यात पाणी?" काका वडिलांकडे वळले. "चार वर्षं शिकवलं ते पाणी बघायला?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच कुलपाश पुढे झुकली आणि काकांच्या कानाशी म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "बाहेर तसंच सांगायचं असतं. आत गुप्त काम असतं ते."

काकांनी मान डोलावली, आणि बोतागोजकडे बघून स्वतःची टोपी जरा सरळ केली.