पांझरेच्या फडाचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. काचेवर ओरखडे आहेत, कडा झिजल्या आहेत, पण म्हणून मला बिचारे म्हणू नका. मी अजून चालते, आणि माझ्या चालण्यावर एका गावाचे पाणी वाहिले आहे. लग्नामुंजीत मिरवणाऱ्या सोन्याच्या घड्याळांनी एवढी बढाई मारून दाखवावी.

माझा जन्म स्वित्झर्लंड नावाच्या डोंगराळ देशातला. कारागिरांनी मला निकेलचे साधे कवच दिले, पांढरा चेहरा दिला आणि त्यावर काळे ठसठशीत आकडे काढले. पेटीत बसून मी बोटीने मुंबईला आले, तिथून आगगाडीने चाळीसगावला आणि मग धुळ्याला. धुळ्यात अमीन घड्याळजींचे लहानसे दुकान होते. त्यांच्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी दोन घड्याळे होती. एक सोन्याचे पाणी दिलेले, नाजूक. ते माझ्याशी बोलतसुद्धा नसे. दुसरे जाडजूड, त्याचे आकडे अंधारात चमकत, आणि त्या चमकेचा त्याला भारी तोरा होता. गिऱ्हाईक यायचे, त्या दोघांना हातात घेऊन बघायचे आणि मला बाजूला सरकवायचे. सरकवा बाबांनो, मी मनात म्हणायचे, माझेही गिऱ्हाईक कुठेतरी वाटेत असेल.

ते खरेच वाटेत होते, आणि बैलगाडीतून येत होते.

धुळ्याच्या वरच्या अंगाला पांझरा नदीवर बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांत येते. एका पाटावर भिजणाऱ्या साऱ्या शेतांना मिळून तिकडे फड म्हणतात. एकाचे शेत भिजले की दुसऱ्याचे, अशी पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि कोणाची पाळी संपली, कोणाची लागली हे सांगणारा माणूस म्हणजे पाटकरी. जमिनीत काठी रोवायची, तिची सावली ठरलेल्या खुणेवर आली की पाळी बदलायची, ही तिथली जुनी रीत होती. त्या वर्षी मात्र श्रावणात आभाळ भरून राही आणि पाऊस काही पडत नसे. ऊन नाही म्हणून सावली नाही, आणि सावली नाही म्हणून रोज भांडण. आधीचा पाटकरी शिव्या खाऊन खाऊन कंटाळला आणि काम सोडून मोकळा झाला. लोकांनी त्याच्या जागी अभिमनला नेमले, वर्गणी काढली आणि त्याला घड्याळ आणायला धाडले.

अभिमन तरुण होता, सरळ होता, पण त्याने जन्मात घड्याळाला हात लावला नव्हता. म्हणून त्याने जीवराम आबांना बरोबर घेतले. आबांना तरी घड्याळातले काय कळत होते? पण गावात कोणालाही बैल घ्यायचा असला की आबांना बाजारात न्यायचे, अशी पद्धत होती. खरेदी ती खरेदी.

"मले यामा काही समजत नही, आबा," अभिमन दुकानाच्या पायरीवर हळूच म्हणाला. "बठ्ठासना पैसा शे. फसनूत तर गावमा तोंड दखाडता येवाव नही."

"बैल काय आन् घड्याळ काय," आबा म्हणाले. "चाल देखानी, दम देखाना, खोड देखानी. चाल मझार," असे म्हणून ते दुकानात शिरले.

आबांनी पहिल्यांदा सोनेरी घड्याळ उचलले, पोटाकडून पाहिले, पाठीकडून पाहिले आणि खाली ठेवले. "हाऊ तर बाजारमा सजाडेल बैल शे," ते म्हणाले. अमीनभाई हसले आणि त्यांनी सरळ सांगून टाकले, "खरं आहे आबा. ते लग्नाकार्यात मिरवायचं. शेतात नाही टिकायचं." मग चमकणारे पुढे आले. त्याची काच फुगीर होती, फावड्याचा दांडा लागला तर फुटेल, हेही अमीनभाईंनी लपवले नाही. असा दुकानदार मिळायला नशीब लागते, मित्रांनो.

मग माझी पाळी आली. आबांनी मला कानाला लावले आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकले. अभिमनने मात्र वेगळेच केले. त्याने आम्हा तिघांना ओळीने मांडले, स्वतः दुकानाच्या दारापर्यंत मागे गेला आणि तिथून आमच्याकडे पाहू लागला.

"लांबथीन बठ्ठासले दिसाले पाह्यजे," तो म्हणाला. "मी एकलाच देखसू तर लोक मानाव नहीत." दारातून फक्त माझेच काटे दिसत होते.

मग त्याने विचारले, "हाई बिघडनं तर दुरुस्त कोन करी?"

अमीनभाईंनी डोळ्याचे भिंग काढले. "मीच करीन," ते म्हणाले. "ह्याचे सगळे भाग माझ्याकडे मिळतात. पण भाऊ, घेण्याआधी हे विचारणारे तुम्ही पहिलेच."

इतके होऊनही आबांचे समाधान झाले नव्हते. बैल घ्यायचा तर तो चार दिवस घरी नेऊन, कामाला जुंपून पाहायचा आणि मग सौदा पक्का करायचा. याला जाकड म्हणतात. आबांनी घड्याळही जाकड मागितले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. अमीनभाईंच्या धंद्यात असले काही चालत नव्हते, पण त्यांना ही जोडी आवडली होती. सकाळी किल्ली द्या, पाण्यापासून जपा, एवढे सांगून त्यांनी मला अभिमनच्या मनगटावर बांधले. आणखी एक गोष्ट सांगायची राहून गेली, पण ती कोणत्याच घड्याळजीला सुचली नसती.

मी फडावर गेले आणि कामाला लागले. आभाळ भरलेले असो की उघडे, मला काय त्याचे. अभिमन बांधावर उभा राहून हात उंच करी, लोक लांबून काटे पाहत आणि आपापल्या शेताच्या बांधातले पाण्याचे दार फावड्याने बुजवून पाणी पुढे सोडत. भांडणे थांबली. लोक मला पाहायला मुद्दाम यायचे, आणि खरे सांगते, मला ते फार आवडायचे. सगळ्यांत जास्त आनंद वच्छलाबाईंना झाला होता. त्या एकट्या बाईमाणूस, त्यांचे भाताचे शेत पाटाच्या अगदी शेवटाला. वरच्यांनी थोडे थोडे पाणी जास्त घेतले की तोटा नेहमी त्यांच्याच वाट्याला यायचा. माझ्या येण्याने त्यांना पहिल्यांदा पुरती पाळी मिळू लागली.

पोळा आला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाने आणि हळदीने चोळतात, वर्षभर जू ओढून ते सोलवटलेले असतात म्हणून. अभिमन बैल धुवायला नदीवर गेला होता आणि मला ओले लागू नये म्हणून घरी खुंटीवर टांगून गेला होता. जीवराम आबा तूप कोमट करून आले. बैल अजून आले नव्हते, पण मी दिसले. आबा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती, की मला तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

"तू बी आमना फडना बैल शे," ते म्हणाले.

त्यांनी चाकूच्या टोकाने माझी पाठ उघडली आणि गवताच्या काडीने माझ्या चाकांना तूप लावले. घरचे, लोणकढे. मित्रांनो, मी बोलू शकत असते तर ओरडले असते. पण आबांनी पाठ लावली, मला हळदीचे बोट लावले आणि ते समाधानाने निघून गेले.

कोमट होते तोवर मला बरेच वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र तूप थिजले, त्यात धूळ मिसळली आणि माझे पाय जड होऊ लागले. पोळ्याला बैलांना सुट्टी असते, पाण्याला नसते. दुपारी गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेतकऱ्याची, पुना नानांची, पाळी चालू होती आणि त्यांच्यानंतर वच्छलाबाईंची. अभिमनने मला पाहिले, वेळ बाकी होता. पुन्हा पाहिले, अजून बाकी होता. वेशीकडे वाजंत्री वाजत होती, आभाळ काळे होते आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी केव्हाच थांबले होते. दिवेलागणीला पाणी नियमाप्रमाणे दुसऱ्या फडाकडे वळवले गेले आणि वच्छलाबाईंचे शेत कोरडे राहिले.

वेशीत सजवलेले बैल उभे होते, सारे गाव जमले होते. वच्छलाबाई शेतातून तशाच तिथे आल्या आणि अभिमनसमोर उभ्या राहिल्या.

"मनी पाळी कोणी खादी?" त्यांनी विचारले.

सगळ्यांच्या नजरा पुना नानांकडे वळल्या. पुना नाना अभिमनच्या बायकोचे सख्खे काका होते, हे तिथे कोणाला माहीत नव्हते? पुना नाना म्हणाले, घड्याळाने दिले तेवढे मी घेतले. ते खोटे बोलत नव्हते, पण त्याने अभिमनवरचा संशय वाढलाच. ज्या कामासाठी मला आणले, त्याच कामात अभिमनचे नाव गेले. मला फार वाईट वाटले.

घड्याळ खोटे आहे, जाकड संपते आहे, परत करून टाक, असे लोक म्हणाले. दुसऱ्या दिवशी अभिमन आबांना घेऊन धुळ्याला निघाला. वाटभर आबा गाडीत मागे तोंड करून बसले. अभिमनला वाटले, निवड चुकल्याचे त्यांच्या मनाला लागले असावे.

अमीनभाईंनी माझी पाठ उघडली, वास घेतला आणि मान वर केली. "ह्यात तूप कोणी घातलं?"

अभिमन चकित होऊन बघत राहिला. आबांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "मी टाकं," ते म्हणाले. "दोष मना शे, घड्याळना नही."

एवढा मोठा माणूस मान खाली घालून बसला होता. अभिमन त्यांना रागावून काही बोलला असता तरी कोणी त्याला नाव ठेवले नसते. त्याने मात्र कमरेची पिशवी सोडली आणि वर्गणीचे पैसे अमीनभाईंसमोर ठेवले. "जाकडमा बैल लंगडाना तर तो लेनारना," तो म्हणाला. "हाई घड्याळ आते आमनं शे. याले बरं करी द्या."

अमीनभाईंनी माझे चाक न् चाक सुटे केले, पेट्रोलात धुतले, पुसले आणि सुईच्या टोकाने घड्याळाचे खरे तेल दिले, ते इतके थोडे की आबा बघतच राहिले. मी पुन्हा चालू लागले. त्या आनंदाला माझ्याकडे शब्द नाहीत.

पण घड्याळ दुरुस्त झाले म्हणून भरवसा थोडाच दुरुस्त होतो. अभिमनने फडाच्या लोकांना बंधाऱ्यावर बोलावले आणि आबांच्या देखत तुपाची सगळी हकीकत सांगितली. लोक पोट धरून हसले. आबाही शेवटी हसले. वच्छलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"हसीसन मनं भात वलं व्हई का?" त्या म्हणाल्या.

अभिमन म्हणाला, "नही व्हवाव, अक्का. आज मनी सवतानी पाळी तुम्हले." मग त्याने मला मनगटावरून सोडले. "आन् आजपाईन घड्याळ मना हातवर नही. ज्यानी पाळी पुढली, त्याना हातवर."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पाणी घेणाऱ्याला घाई नसते, घाई पुढच्याला असते. मग घड्याळ पुढच्यानेच का पाहू नये? इतकी वर्षे हे कोणाला सुचले नव्हते.

पाटाला पाणी सुटले होते, पहिली पाळी पुना नानांची होती आणि पुढची अभिमनची, जी त्याने आता वच्छलाबाईंना दिली होती. अभिमन मला घेऊन त्यांच्याकडे गेला.

"मले आकडा वाचता येत नही," त्या हात मागे घेत म्हणाल्या.

"वाचाना नहीत. मोठा काटा आठे ऊना का हाक मारा," असे म्हणून अभिमनने काचेवर ती जागा बोटाने दाखवली, आणि मी वच्छलाबाईंच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर बसले.

त्या बांधावर बसल्या. डोळा माझ्यावरून हलवला नाही, पदराने माझी काच दोनदा पुसली. पुना नानांच्या शेतात पाणी पसरत होते आणि नाना फावड्यावर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत उभे होते. मी एका लयीत चालले, अभिमनची लाज राखणे आता माझ्या पायांवर होते. मोठा काटा जागेवर आला. वच्छलाबाई उठल्या. गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेतकऱ्याला हाक मारायची होती, म्हणून त्यांनी आधी पदर नीट खोचला. मग त्यांनी मला बांधलेला हात उंच केला.

"नाना, पाणी सोडा."

पुना नानांनी फावडे उचलले आणि स्वतःच्या शेताचे दार स्वतः बुजवले. पाणी वळले आणि पाटाच्या शेवटाकडे धावू लागले.

मित्रांनो, मला रोज किल्ली द्या, पाण्यापासून जपा, आणि कितीही माया आली तरी तूप घालू नका. तुम्हीही कधी पहिले घड्याळ घ्यायला जाल, तेव्हा चकाकी बघा हवी तर, पण लांबून काटे दिसतात का तेही बघा. माझ्या पट्ट्याला आज जागोजागी भोके आहेत. काही जाड मनगटांची, काही अगदी बारीक. त्यांतले एकही भोक माझ्या मालकाचे नाही, कारण मला मालक असा कोणी उरलाच नाही. जो वाट पाहत असतो, त्याच्या हातावर मी असते.