मधोमध भोक पाडलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्या मधोमध भोक आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसायला जागा मिळणार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. तो माणूस तोंडाचा गोड नव्हता, पण हाताचा खरा होता. त्यानं सागाची एकच फळी निवडायला आठ दिवस घेतले. माझ्या पाठीवर त्यानं द्राक्षाचा वेल कोरला आणि दोन्ही हातांवर द्राक्षांचा एकेक घोस. बैठक रुंद, पाय जाड. मला मंडळीच्या देवळात वेदीच्या उजव्या बाजूला ठेवलं. वर्षातून एकदा बिशपसाहेब यायचे आणि तेवढा तासभर माझ्यावर बसायचे. बाकी तीनशे चौसष्ट दिवस मी रिकामी आणि रुबाबात. कुणी बसत नाही म्हणजे आपण फार मोठ्या, असं मला वाटायचं. अक्कल कमी असली की रुबाब जास्त असतो.

देवळाची झाडलोट एक बाई करायची. पोरांनी तिचं नाव हवालदारीण ठेवलं होतं. दर शनिवारी ती मला तेलाच्या फडक्यानं पुसायची. द्राक्षांच्या मधली धूळ काडीनं काढायची. तीस वर्षांत ती स्वतः एकदाही माझ्यावर बसली नाही. झाडून झाल्यावर शुक्रवारी पोरांना गोळा करून वधस्तंभाची गोष्ट सांगायची, तीही उभ्यानंच. कुणाकडून काही घ्यायची नाही. ताप आला तरी स्वतःचा काढा स्वतः उकळायची. "घेतलं की वाकावं लागतं," म्हणायची.

एकदा तिची नवी सून फरशी पुसायला मदतीला आली होती. पुसता पुसता ती मटकन माझ्यावर बसली. हवालदारणीनं तिला दंडाला धरून उठवलं, चार बायकांच्या देखत.

"अगं ए! देवाच्या माणसाची खुर्ची आहे ती. तुझं बूड टेकायला नाही केलेली."

सून उठून पुन्हा फरशी पुसायला लागली. त्या दिवसापासून नऊ वर्षं त्या घरात दोघींचं बोलणं मीठ आणि पाणी एवढ्यापुरतं उरलं. आणि मी? मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. मी खोटं सांगणार नाही.

मग नवे बिशप आले. ते म्हणाले, मी बाकावर बसेन. झालं! मला उचलून मागच्या अडगळीच्या खोलीत टाकलं. फुटक्या फुलदाण्या, तुटलेला पाळणा आणि मी. एका पायाला कीड लागली. वर्षभर कुणी फडकंसुद्धा मारलं नाही. मी मनात म्हणायचे, हवालदारीण येईल. ती आली नाही, कारण तीच खाटेला खिळली होती.

तिच्या कण्याच्या हाडात दुखणं शिरलं होतं. कंबरेखाली पाय नुसते लोंबायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हे बरं होणारं नाही, फक्त सांभाळायचं आहे. मंडळीतल्या बायका प्रार्थनेला आल्या. पहिल्या महिन्यात बारा, दुसऱ्या महिन्यात चार. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "विश्वास कमी पडतोय हो बाई तुमचा."

"माझा विश्वास कमी पडतोय की तुझी अक्कल, ते तो वरचा बघेल. दार लोटून घे जाताना."

पण दार लोटल्यावर तिचं तोंड भिंतीकडे वळलं ते वळलंच. संडास अंगणाच्या टोकाला. तिथवर न्यायचं तर सुनेनं उचलायचं, सुनेनं धुवायचं. तिचा मुलगा जवळच असायचा, पण आईला उचलायची वेळ आली की त्याला नेमकं बाहेरचं काम आठवायचं. तेव्हा हवालदारणीनं एक उपाय काढला. तिनं पाणी पिणंच सोडलं. पाणी नाही, तर जाणं नाही. जाणं नाही, तर सुनेचे हात नाहीत.

डॉक्टर सुनेला दाराशी नेऊन म्हणाले, "दुखणं त्यांना अजून सहा-सात महिने देईल. पण पाणी असंच बंद राहिलं, तर आठवडाही निघायचा नाही."

सून तडक देवळाच्या पाळकांकडे गेली आणि खाटेशेजारी संडासाची खुर्ची करायला तिनं मला मागितलं. पंच जमले होते. मोठे पंच उसळले, "वेदीजवळची खुर्ची! तिला भोक पाडणार? बाटवणार तिला?"

"साहेब, त्यांचं अंग जड आहे. स्टुलावर तोल जातो. हात असलेली दणकट खुर्ची गावात ही एकच आहे."

"म्हणून काय झालं? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. जुना हिशेब चुकवतेयस तू."

पाळक हळूच म्हणाले, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा घमेलं कुठल्या खोलीतून आणलं, हे कुणी विचारलं होतं का, पंच?"

सुतार आता म्हातारा झाला होता. त्यानं माझ्या बैठकीवर खडूनं गोल आखला. मग करवत घातली. मित्रांनो, ज्या हातांनी घडवलं त्याच हातांनी कापलं. मी ओरडू शकत नव्हते. भुसा खाली पडत होता आणि मला एकच कळत होतं, की आता बिशप कधीच बसणार नाहीत. कापलेल्या तुकड्याचं त्यानं झाकण केलं. किडका पाय बदलला. भोकाची कड पॉलिश कागदानं इतकी घासली की बोट फिरवलं तरी टोचू नये. "म्हातारीची कातडी पातळ असते," तो पुटपुटला.

मला खाटेजवळ ठेवलं. हवालदारणीनं मान वळवून पाहिलं. तिला माझी द्राक्षं ओळखू आली, आणि मग भोक दिसलं.

"सूड उगवलास," ती सुनेला म्हणाली. ओठ फुटले होते तिचे, शब्दांबरोबर रक्त आलं.

सून माठाशी गेली. पेला भरून आणला, खाटेजवळ खाली बसली. प्यायला दिला नाही. हातात धरून ठेवला.

"सूड उगवायचा असता तर गप्प राहिले असते, आत्याबाई. तुम्ही आपोआपच चालला होतात."

हवालदारणीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"त्या दिवशी देवळात मला घेरी आली होती. म्हणून बसले होते. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. जाऊ दे. पण एक सांगा. शुक्रवारी पोरांना तुम्हीच सांगायचात ना, वधस्तंभावर प्रभूनं पाणी मागितलं म्हणून? अंगावर धड कपडा नाही, सगळं गाव बघतंय, समोर मारणारेच उभे. तरी मागितलं. त्याला लाज नव्हती का हो?"

हवालदारणीनं तोंड भिंतीवरून पेल्याकडे वळवलं.

"त्याला आंब दिली त्यांनी, आंबलेल्या द्राक्षरसाची," हवालदारीण म्हणाली. "तू काय देणारेस?"

"माठातलं गार पाणी. पण मागावं लागेल."

"मरताना सासूला वाकवणार तू."

"हो."

मग हवालदारणीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "पाणी दे, पोरी." नऊ वर्षांत पोरी म्हणून पहिल्यांदा.

दुपारी सुनेनं तिला काखेत हात घालून माझ्यावर बसवलं. बिशपसाहेब अलगद बसायचे, जणू मी अंडं आहे. ही बाई सगळ्या वजनानिशी बसली. तिनं माझे दोन्ही हात असे आवळले की द्राक्षं तिच्या तळव्यात रुतली. ती रडत होती. सून पाठ करून उभी होती. तेव्हा मला कळलं, मला हात कशासाठी दिले होते ते.

आता ऐका. दुखणं तसूभर कमी झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण प्रार्थना केली की दुखणं पळतं असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तिला रात्रंदिवस कळा येत होत्या. पाठीला जखमा झाल्या. पण सकाळी माझ्यावर बसलं की उठायला वेळ लागायचा, आणि रिकामं बसणं तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "एवढा वेळ बसायचंच आहे, तर हजेरी घेते." घरामागून घर, मंडळीतल्या एकेकाचं नाव घेऊन ती त्याच्यासाठी देवाकडे मागायची. स्वतः मागायला शिकली, मग दुसऱ्यांसाठी मागायचा सपाटाच लावला. "माझी कळ वधस्तंभावरच्या त्याच्या कळेशेजारी ठेवलीय," ती सुनेला म्हणाली. "एकटी असते तेव्हा ती जास्त चावते." हळूहळू बायका परत यायला लागल्या, दाराशी उभ्या राहून सांगायला, "बाई, उद्याच्या हजेरीत आमच्या धाकट्याचं नाव घाला." पहिलं नाव मात्र रोज मोठ्या पंचांचं असायचं. सुनेनं विचारलं, त्यांचंच का? तर म्हणे, "दुखरा दात आधी बघावा."

सात महिन्यांनी ती गेली. सोपं मरण नव्हतं ते, मी शेजारीच होते. शेवटच्या दिवशी तिला उचलता येईना, म्हणून तिनं खाटेवरून एक हात माझ्या हातावर ठेवला. द्राक्षांचा उठाव तोवर घासून गुळगुळीत झाला होता.

त्यानंतर मी चार घरं फिरले. प्रत्येक वेळी सूनच मला हातगाडीवर घालून नेते. आता मी मोठ्या पंचांच्या घरी आहे. हो, त्यांच्याच. त्यांची डावी बाजू लुळी पडली आहे. तीन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि पाण्याला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी सून पेला घेऊन आली. तिनं उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या आत्याबाई हिच्यावर बसून रोज तुमचं नाव पहिलं घ्यायच्या."

पंच वाकड्या तोंडानं म्हणाले, "माझं?"

"तुमचं."

त्यांनी चांगला हात पुढे केला आणि पाणी मागितलं.

मित्रांनो, माझी मागणी फार नाही. मला कडक पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा, ओली ठेवू नका, पायाकडे लक्ष असू द्या. आणि तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर पाणी मागा. ज्यानं जग घडवलं त्यानंही मागितलं होतं. तुमची लाज त्याच्यापेक्षा मोठी नाही.

आता पुरे करते. पंचांना आणताहेत. माणूस बसलेला असताना खुर्चीनं बडबडू नये, घट्ट उभं राहावं.