चिखलबाई

"चिखलबाई, लवकर आटपा. पुढे बरेच विषय आहेत," नगराध्यक्ष म्हणाले आणि सभागृहात खसखस पिकली.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना हे नाव याच सभागृहाने बहाल केलं होतं. मागच्या सभेत त्यांनी पडद्यावर दलदलीचे आलेख दाखवले, सदस्यांनी जांभया दाखवल्या. गावाबाहेरच्या दलदलीत भराव घालून बसडेपो बांधायचा, हा ठराव आज मताला यायचा होता. निम्मी दलदल आधीच बुजवलेली. तेव्हापासून उताराच्या वस्तीत, बाईंच्या नणंदेच्या घरात, जोराच्या पावसात गुडघाभर पाणी शिरायचं.

"तुझे आलेख मलाच कळत नाहीत, त्यांना काय डोंबल कळणार!" नणंद म्हणाली होती. बाईंना ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

आज त्यांनी पडदा लावलाच नाही. पत्र्याचे दोन ट्रे सरळ अध्यक्षांच्या टेबलावर, त्यांच्याकडे उतार ठेवून, तिरपे मांडले. एकात दलदलीतून मुळासकट कापून आणलेलं गवत, दुसऱ्यात ठोकून बसवलेला भरावाचा मुरूम.

"हे काय मांडलंय?"

"आपलं गाव. तुम्ही बसलायत ती उताराची वस्ती."

बाईंनी गवतावर तांब्याभर पाणी ओतलं. ते जिरलं.

"आणि दलदल आधीच तुडुंब असली तर?" कोपऱ्यातून नगरपालिकेचे इंजिनियर म्हणाले. इतक्या सभांत बाईंना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"चांगलं विचारलंत. मग एवढं जिरणार नाही." बाईंनी त्याच ओल्या गवतावर पुन्हा ओतलं. पाणी खाली आलं, पण मुळांत अडखळत, रेंगाळत. "पूर थांबेलच असं मी म्हणत नाही. पण पाणी दमाने येतं. पोरंबाळं, सामानसुमान हलवायला वेळ मिळतो."

मग मुरमावर. पाणी सुसाट निघालं ते थेट अध्यक्षांच्या मांडीवर. ते ताडकन उठले.

"बाहेर काढा हिला! सभागृहाचा अपमान आहे हा!"

"जाते मी," बाई म्हणाल्या. त्यांनी रिकामा तांब्या टेबलावर ठेवला. "पण एका तांब्याला तुम्ही खुर्ची सोडलीत साहेब. खालच्या लोकांनी घर सोडून कुठं जायचं?"

या वेळी कुणी हसलं नाही.

ठराव मंजूर झाला. उताराच्या वस्तीच्या सदस्याने मात्र हात वर केला नाही. अध्यक्षांनी डोळे वटारले तरी नाही. सभा संपल्यावर इंजिनियर जिन्यात बाईंना गाठून म्हणाले, "डेपोच्या नकाशावर सही माझी लागते. आधी मला ती दलदल बघू द्या. आजवर रस्त्यावरूनच पाहिलीय."

रविवारी सकाळी ते पँट दुमडून आले. नणंदेने अख्खी वस्ती गोळा करून आणली होती. बाई चिखलात उभ्या राहून लव्हाळ्याची मुळं उकलून दाखवत होत्या, पाणी कुठून येतं, कुठं थबकतं ते सांगत होत्या. इंजिनियर वाकून बघत होते.

तेवढ्यात मुरमाचा पहिला ट्रक येऊन काठाशी थांबला. सहीची वाट कोण बघतंय! ड्रायव्हरने कर्कश हॉर्न वाजवला. वस्तीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जागची एकही हलली नाही.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त आवाज चढवला आणि पुढचं सांगायला घेतलं.