जाळी कोणी काढली

धाकटा भाऊ आणि मी एकाच कारखान्यात कामाला. हॉस्पिटलच्या लोखंडी खाटा बनवायचा कारखाना. मी सहा वर्षांनी मोठा. पाना कसा धरायचा तेसुद्धा त्याला मीच शिकवलं. तरी कोणाचं काही अडलं की हाक जायची त्याला. अंगानं रेड्यासारखा, दोघांना न हलणारी खाट एकटा उचलून ठेवायचा. बोलणं मात्र इतकं मऊ, की मी त्याचं नाव ‘कापूस’ ठेवलं. चिडवायला ठेवलेलं नाव लोकांनी लाडाचं करून टाकलं. मग मला त्या नावाचाही राग यायला लागला.

घरीही तेच. बाबा अंथरुणाला खिळलेले. सकाळी मी त्यांचं अंग पुसायचो, संध्याकाळी तो. एकदा चर्चमधून पाळक भेटायला आले, तर बाबा त्यांना म्हणाले, “धाकट्याचा हात लागला की दुखत नाही हो.” मी तिथेच ओला टॉवेल घेऊन उभा होतो. त्या रविवारी पाळक नम्रतेवर बोलले. ज्या प्रभूच्या शब्दानं वादळ थांबलं, त्यानंच शिष्यांचे पाय धुतले, असं काहीतरी. मी पुढच्या बाकावरच्या कापसाच्या मानेकडे बघत बसलो. वाटलं, हे प्रवचन याच्यासाठीच लिहून आणलंय.

तशात फोरमन निवृत्त व्हायची वेळ आली. नवा कोण, ते मालकीणबाई महिन्याअखेरीस सांगणार होत्या. मी मनाशी ठरवलं, माझ्या पाळीत सगळ्यात जास्त खाटा निघाल्या पाहिजेत. पत्रा वाकवायच्या प्रेसला पुढे एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. दर वेळी ती उघडा, लावा. मी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली.

“दादा, जाळी लाव रे,” कापूस म्हणाला.

“तू तुझं वेल्डिंग बघ.”

त्यानं वाद घातला नाही. सरळ येऊन स्वतःच जाळी बसवली, स्क्रू आवळले. मी सगळ्यांदेखत ओरडलो, “आत्ताच फोरमन झालास का?” तो आपल्या वेल्डिंगकडे परत गेला. पण जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर गेला तेव्हा मी ती पुन्हा काढली. खरं सांगायचं तर या वेळी खाटांसाठी नाही. त्यानं बसवली होती म्हणून.

तासाभरात माझ्याबरोबर प्रेसवर असणाऱ्या, आम्ही सगळे टोपीवाला म्हणायचो त्या कामगाराची दोन बोटं गेली.

त्याला हॉस्पिटलला पाठवलं, आणि थोड्या वेळानं त्याचा भाऊ फाटकाशी आला. ट्रक चालवायचा तो. हातात गज. “जाळी कोणी काढली? बाहेर या!” मी खाटांच्या ढिगामागे गेलो. गेलो म्हणजे लपलो.

कापूस बाहेर गेला. ड्रायव्हरनं गज उगारला, पण तो खाली टाकून याच्या थोबाडीत मारली, दोनदा. कापसाच्या हातात किती ताकद आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं हात खालीच ठेवले, पण मागेही सरला नाही.

“अजून मारायचं तर मार,” तो म्हणाला, “पण मग चल. तुझा भाऊ हॉस्पिटलात तुझी वाट बघतोय. मी येतो तुझ्याबरोबर.”

ड्रायव्हर तिथेच रडायला लागला. कापूस त्याला घेऊन गेला. आणि ढिगामागे उभं राहून माझ्या मनात पहिलं काय आलं? मार खाऊनही हाच मोठा ठरला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा मी हात धूत होतो. त्याचा गाल सुजला होता.

“दादा, उद्या चौकशी आहे. तू सांग.”

“धमकी देतोस?”

“नाही. विनंती करतोय. तुझ्याआधी मी तोंड उघडणार नाही. पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

“माझी भीती नाही वाटत तुला?”

“वाटते की. लहानपणापासून वाटते. मघापासून प्रार्थना करतोय, तेव्हा कुठे एवढं बोललो.”

एवढी वर्षं मला वाटायचं, याला राग येतच नाही, भीती वाटतच नाही, देवानं याला फुकटात घडवलंय. त्याचा आवाज थरथरत होता आणि तरी तो दारातून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. सगळं, दुसऱ्यांदा काढली तेही, का काढली तेही. मालकीणबाईंनी मला प्रेसवरून हलवून रंगाच्या खोलीत टाकलं आणि कापसाला फोरमन केलं. माझा मत्सर त्यामुळे गेला असं म्हणेन तर ते खोटं होईल. लोक त्याला ‘साहेब’ म्हणाले की अजूनही कानाला झोंबतं.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मी एकटाच टोपीवाल्याच्या घरी गेलो. दार ड्रायव्हरनं उघडलं. वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं: घाई होती, वरून दबाव होता. त्यातलं काही तोंडातून निघेना.

“जाळी मी काढली,” मी म्हणालो. “तुम्ही मारलंत तो माझा भाऊ. त्यानं ती लावली होती.”

आतून टोपीवाल्याचा आवाज आला, “कोण आहे? आत बसव की.”

मी आत गेलो. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तो बसला होता. मी जमिनीवर बसलो. बोलता बोलता मनात आलंच, कापूस असता तर यापेक्षा नीट बोलला असता. पण कापूस तिथे नव्हता. जे काही बोलायचं होतं ते मलाच बोलावं लागलं, आणि मी बोललो.